विम्याची मिरास

दिवाळीची सुट्टी सरत आली होती, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुराच काय तो उरला होता, आणि आमच्या चिंचवडच्या घराच्या व्हरांड्यात चहाचे कप रिकामे होऊनही कोणी उठण्याचे नाव घेत नव्हते, अशा एका दुपारी माझ्या वडील बंधूंनी माझ्या कन्येला एक साधा प्रश्न विचारला. कन्या हिंजवडीतील एका संगणक-कंपनीत बारा वर्षे नोकरी करून आता दुसऱ्या कंपनीत निघाली आहे. राजीनामा मंजूर झाला आहे, नोटिशीची मुदत १९ डिसेंबरला पुरी होते, आणि नव्या कंपनीत ती १ जानेवारीला रुजू व्हायची आहे. मधल्या दिवसांत जावई आणि नात यांच्यासह गुहागरला जाण्याचा बेत ती मोठ्या उत्साहाने सांगत होती, तोच दादा म्हणाले, "जुन्या कंपनीचा मेडिक्लेम कधी संपतो?"

"शेवटच्या कामाच्या दिवशी, काका."

"आणि नव्या कंपनीचा?"

"रुजू झाल्या दिवसापासून."

"मग मधले बारा दिवस तुम्ही तिघे आणि हे तुझे आईबाबा कोणाच्या भरवशावर?"

"बारा दिवसांत काय होणार आहे, काका!" असे म्हणून ती हसली, दादा हसले नाहीत. पुढचे दोन तास त्या दोघांत जो वाद झाला तो मी येथे नमूद करून ठेवीत आहे, कारण दोघांच्याही म्हणण्याची किंमत आमच्या घराने वेगवेगळ्या वेळी रोख मोजलेली आहे.

दादा म्हणाले, "कंपनीच्या मेडिक्लेमचा करारनामा तू कधी डोळ्यांनी पाहिला आहेस का? त्यात विमेदार तू नाहीस. विमेदार तुझी कंपनी. मुदत एक वर्षाची, हप्ता तिने भरायचा, अटी तिने विमा कंपनीशी घासाघीस करून ठरवायच्या. तुझे नाव सोबत जोडलेल्या यादीत असते, आणि त्या यादीतून ते काढण्यासाठी कोणाला तुझी संमती घ्यावी लागत नाही. पेशवाईत जमीन कसणारी दोन प्रकारची कुळे असत, हे तू शाळेत शिकली असशील. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती तो विकू शके, गहाण टाकू शके, आणि सारा भरतो आहे तोवर त्याला तेथून कोणी उठवू शकत नसे. उपरी मात्र सालोसाल ठरावाने कसायला येई. पीक त्यालाही मिळे, जमीनही तीच, नांगरही तोच. पण साल संपले की पाटलाची मर्जी. कंपनीच्या विम्यावर तू बारा वर्षे उपऱ्यासारखी राहिलीस. स्वतःच्या नावाची पॉलिसी घेतली असतीस, तर आज बारा वर्षांची मिरास तुझ्याजवळ असती."

कन्येने इतिहास माझ्याहून अधिक मनापासून वाचला आहे. ती म्हणाली, "काका, त्याच पुस्तकात पुढे असेही आहे, की मिरासदारावरचा सारा उपऱ्याहून जड असे, वर मिरासपट्टीचा बोजा वेगळा. उपऱ्याला मात्र पडीक जमीन लागवडीस आणावी म्हणून सवलतीचा कौल मिळे. माझे तेच झाले. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून आम्हां सगळ्यांचे सगळे आजार विम्यात होते. तीस दिवस थांबा, मोतीबिंदूला आणि हर्नियाला दोन वर्षे थांबा, जुन्या आजाराला त्याहून जास्त थांबा, यातले काही नाही. माझ्या बाळंतपणाचा खर्च त्याच मेडिक्लेमने दिला, आणि छकुली जन्मल्या दिवसापासून त्यात आली. बाबांना पंधरा वर्षांचा रक्तदाब होता. यादीत त्यांचे नाव घालताना तो कोणी विचारला नाही. स्वतंत्र पॉलिसीत कोणत्या विमा कंपनीने त्यांना न विचारता घेतले असते?"

येथे मला माझा स्वतःचा दाखला द्यावाच लागेल. गेल्या वर्षी आषाढात माझ्या छातीत कळ आली आणि दोन स्टेंट बसवावे लागले, तेव्हा मी कन्येच्याच मेडिक्लेमवर होतो. त्या प्रसंगाचे मला अजून जे अगदी स्वच्छ आठवते, ते शस्त्रक्रियेचे नव्हे, तर घरी सोडण्याच्या दिवसाचे. तळमजल्यावरच्या विमा-खिडकीशी कन्या पिवळी फाईल छातीशी धरून उभी होती, मी चाकांच्या खुर्चीत होतो, हाताला सलाईनच्या सुईची पट्टी तशीच होती, आणि खिडकीतल्या मुलीने बिलाचा कागद पुढे सरकवून पेन्सिलीने एका आकड्याभोवती वर्तुळ काढले. बिल २,७०,००० रुपयांचे होते. आईवडिलांसाठी खोलीभाड्याची मर्यादा रोजची ३,००० होती, आणि त्या रात्री रिकामी असलेली एकमेव खोली ६,००० ची. आमची समजूत अशी, की खोलीभाड्यातला फरक तेवढा आपण द्यायचा. पण खोली दुप्पट भाड्याची घेतली की डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, परिचर्येचा आकार हे सारे त्याच प्रमाणात निम्मे धरले जाते. फक्त औषधे, तपासण्या आणि स्टेंटसारख्या वस्तू त्या कात्रीतून सुटतात. खोली आणि तिच्याशी बांधलेला खर्च १,४०,००० होता, त्यातले ७०,००० आम्ही भरले. बाकीचे २,००,००० विम्याने चुकते केले. कन्येने विम्याचे कार्ड खिडकीतून परत घेताना डोळ्यांना लावले होते, हे तिला आठवत नसेल, मला आठवते.

दादांनी नेमका तोच कागद वादात आणला. "सत्तर हजारांची ती अट कोणी मान्य केली होती? तू? तुला ती अट बिलाच्या दिवशी कळली. यंदा तुझ्या कंपनीने आईवडिलांचा हप्ता तुझ्या पगारातून कापायला सुरुवात केली, तेव्हा तुला विचारले होते का? गेल्या साली जितके क्लेम आले त्या मानाने पुढच्या सालचा हप्ता वाढतो, आणि तो वाढला की कंपनी कोठेतरी कात्री लावते. ती पहिल्यांदा म्हाताऱ्यांवरच पडते."

"ती स्वतंत्र पॉलिसीतही पडते," कन्या म्हणाली. "तुमचाच हप्ता किती वर्षांत दुप्पट झाला, हे तुम्हीच आम्हांला सांगता. साठीपुढच्या लोकांचा हप्ता सालात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा, असे विमा नियामकाला २०२५ च्या जानेवारीत विमा कंपन्यांना बजावावे लागले, ते उगीच नव्हे. तुमच्या मिरासीवरचा सारा असाच चढत जाणार; आणि ज्या वयात उत्पन्न आटते त्याच वयात तो सर्वांत जड होणार. मिरासदारही गाव सोडून परागंदा होत, काका."

या उत्तराला दादांनी तत्काळ प्रत्युत्तर दिले नाही. चष्मा काढून उपरण्याने पुसला, आणि जी हकीकत आम्ही घरात सहसा काढीत नाही ती स्वतःच काढली.

दादांनी पिंपरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षे काढली. मेडिक्लेम हा प्रकारच या देशात १९८६ मध्ये, चार सरकारी विमा कंपन्यांनी आणला. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या कारखान्याने सगळ्यांचा समूह विमा उतरवला, आणि तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्यांना स्वतःची पॉलिसी घ्यावी असे कधी वाटले नाही. साठी पुरी झाली त्या महिन्याच्या अखेरीस सत्काराचा नारळ आणि शाल मिळाली, आणि त्याच तारखेस यादीतून नाव गेले. त्यानंतर ते बाजारात पॉलिसी घेण्यास निघाले, तेव्हा मधुमेह आठ वर्षांचा झालेला होता. एका विमा कंपनीने अर्ज सरळ नामंजूर केला. दुसरीने वाढीव हप्ता लावून घेतले, पण मधुमेह आणि त्यातून उद्भवणारे विकार यांना चार वर्षांची प्रतीक्षा घातली. तेव्हाच्या नियमांत तितकी मुभा होती. बायपास तिसऱ्या वर्षी झाली. क्लेम नाकारला गेला, तो नियमानुसारच नाकारला गेला, आणि वहिनींच्या नावे ठेवलेली भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम त्या एका महिन्यात संपली.

"विम्यात पैशापेक्षा काळ महाग असतो, बाळ," दादा म्हणाले. "कारखान्याच्या विम्यात मी जी वर्षे काढली, त्यांतला एकही दिवस माझ्या खाती जमा झाला नाही. स्वतःची पॉलिसी असली म्हणजे प्रत्येक वर्ष जमा होते. २०११ पासून तर ती जमा घेऊन एका विमा कंपनीतून दुसरीत जाता येते. आता जुन्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की अर्जात अमुक सांगितले नव्हते म्हणून क्लेम नाकारण्याची सोयही विमा कंपनीला उरत नाही. फसवणूक सिद्ध करता आली तरच. क्लेम केला एवढ्या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही. हे सगळे हक्क आहेत, पण ते घड्याळ चालू केल्यावाचून मिळत नाहीत. आणि घड्याळ चालू करायचे ते अंगात दुखणे नसताना. मी साठीला चालू करायला गेलो."

मला वाटले, यावर कन्या निरुत्तर होईल. ती झाली नाही. आणि तिने जे उत्तर दिले त्याने मी अजून अस्वस्थ आहे.

ती म्हणाली, "काका, तुमची पॉलिसी निरोग्याला विकत घेता येते. ज्याला आजार आधीच गाठतो त्याने काय करायचे? माझ्या खात्यात एक मुलगा आहे, त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. तुम्ही म्हणता त्या बाजारात त्याला कोणी दारातही उभे करणार नाही. तो जगतो आहे तो कंपनीच्या यादीवर, कारण त्या यादीत आम्ही शेकडो धडधाकट माणसे आहोत आणि आमच्या हप्त्यातून त्याचा खर्च निघतो. आजोबांचे ईएसआयचे कार्ड तुम्हीच मला दाखवले होते. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या त्या योजनेत आजही कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि कोणाचे हृदय कसे आहे हा प्रश्नच नाही. सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे घालायचे, ज्याला लागेल त्याने घ्यायचे. विम्याचा मूळ अर्थ हाच ना? सगळे निरोगी आपापली मिरास घेऊन वेगळे झाले, तर मागे उरलेल्या यादीत आजारीच उरतील, आणि मग त्या यादीचा हप्ता कोणत्या मालकाला झेपेल?"

"तो कायदा आहे," दादा हळू आवाजात म्हणाले. "आणि महिना २१,००० च्या वर पगार गेला की तोही सुटतो. तुझ्या कंपनीची यादी ही मर्जी आहे. त्या मुलाची नोकरी उद्या गेली तर?"

"तर त्याचे काय होईल याचाच विचार करायला हवा, काका. त्याने आधीच शहाणपण करायला हवे होते, हे त्याला सांगून काय उपयोग?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. आजार कसा वाटून घ्यावा याबद्दल माझी मुलगी खरे बोलत होती, आणि आज हातात जो कागद आहे त्याबद्दल माझे बंधू खरे बोलत होते. पैकी पहिली गोष्ट घडवणे एका घराच्या हाती नाही, दुसरी आहे, एवढाच मला फरक दिसला. एखाद्या घराने स्वतःची पॉलिसी घेतली म्हणून यादीतून अंग काढून घेतले असे होत नाही, कारण नोकरी आहे तोवर नाव तेथेही राहतेच. हे मी बोलून दाखवले, आणि संभाषणात तेवढीच माझी भर.

त्यानंतर गोष्ट हिशोबावर आली. आयकराचा मुद्दा लवकर निकालात निघाला, कारण हप्त्याची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते आणि जावयांनी नवी पत्करली आहे. जीएसटीचा मुद्दा मात्र दादांच्या बाजूने पडला : २०२५ च्या घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर उठला आहे, तेव्हा हप्ता २०,००० असेल तर वरचे ३,६०० आता लागत नाहीत. कन्येने मधला मार्ग सुचवला, की नव्या कंपनीचे पाच लाख आहेतच, त्यांच्यावरचा खर्च तेवढा उचलणारा सुपर टॉप-अप घ्यावा. तो फार स्वस्त पडतो. दादांनी तो मान्य केला, पण निम्माच. "नोकरी असेपर्यंत ते ठीक. नोकरी सुटली की खालचे पाच लाख तुझ्याच खिशातून. आधी पाया स्वतःचा घाल, मग त्यावर मजला चढव." शेवटी तिघांची मिळून दहा लाखांची पॉलिसी आधी आणि टॉप-अप पुढच्या वर्षी, असे ठरले.

जावयांना श्रावणात साखर निघाली आहे. शेजारच्या ओळखीच्या एजंटाने फोनवर सांगितले होते, की गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या आहेत, अर्जात लिहू नका, कोणाला कळणार आहे? ते ऐकून दादांनी कन्येचा लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, आणि प्रस्तावपत्रात जेथे मधुमेहाचा प्रश्न होता तेथे तिला 'होय' भरायला लावले, रिपोर्टाची तारीख लिहायला लावली, रिपोर्ट जोडायला लावला. "आज दडवलेस तर तीच तुझी फसवणूक ठरेल, आणि पाच वर्षे झाली तरी तिची भीती जाणार नाही. खरे लिही. फार तर हप्ता वाढेल. २०२८ च्या अखेरीस तीन वर्षे पुरी होतील, तोवर कंपनीचा मेडिक्लेम आहे." ते वर्ष त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.

माझे नाव त्या प्रस्तावपत्रात घालता येण्याजोगे नव्हते. वयाची वरची मर्यादा २०२४ मध्ये उठली आहे, पण ६७ वर्षांचा, दोन स्टेंटचा इसम कोणी नव्याने आनंदाने घेत नाही. सत्तरी पुरी झाली की केंद्राच्या योजनेतील पाच लाख मिळतील, पण त्याला तीन वर्षे आहेत. कन्या म्हणाली, "नव्या कंपनीत आईबाबांचे नाव घालता येते, काका. तेवढे तरी आहे." आणि तिचा आवाज प्रथमच जरा खाली आला, कारण ते नाव किती दिवस राहील हे तिलाही आता दिसत होते.

दादा म्हणाले, "एक वाट आहे. समूह विम्यातल्या माणसाला, त्याच्या घरच्यांनासुद्धा, यादीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. जुन्या यादीतली वर्षे प्रतीक्षेतून वजा धरायची असतात. देणे न देणे त्यांच्या हाती आहे, पण अर्ज करण्याचा हक्क आपला आहे. तो मुदत संपण्याआधी करावा लागतो. मी निवृत्त झालो तेव्हाही ही सोय होती. कारखान्यातल्या कोणी मला सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही."

मग त्यांनी कन्येला बाजूला बसवून मजकूर सांगायला सुरुवात केली, कारकुनी वळणाचा, जसा त्यांनी ३४ वर्षे लिहिला होता : विमा क्रमांक, कार्ड क्रमांक, यादीत नाव आल्याची तारीख, यादीतून नाव जाण्याची तारीख १९ डिसेंबर, खाली नमूद केलेल्या दोन व्यक्तींस आपल्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरित करून घ्यावे आणि आजवरची मुदत जमेस धरावी, ही विनंती. एका ठिकाणी ते अडखळले. हृदयविकाराची हकीकत लिहायची होती आणि माझ्याकडे पाहून त्यांना शब्द सुचेना. मी आतून पिवळी फाईल आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डिस्चार्ज कार्ड काढले, चष्मा वर ढकलून स्टेंटची तारीख शोधली, आणि म्हणाले, "लिही. आषाढ नको, इंग्रजी तारीख घाल."